प्रकल्प नोंदी: चार बुजऱ्या उंदरांना हाताची सवय

इंदिरानगर, नाशिक

६ डिसेंबर २०२५

चार माद्या आल्या. वय साधारण आठ आठवडे. पिठी आणि कापशी पांढऱ्या, लाल डोळ्यांच्या, काजळी काळी, बदामी फिकट तपकिरी. दुकानातून एका घरी गेल्या, तिथे "हात लावू देत नाहीत" म्हणून नकोशा झाल्या. दोन्ही ठिकाणी उचलायची पद्धत एकच, शेपटीला धरून. बदामीच्या शेपटीचं टोक अर्धा सेंटिमीटर सोललेलं आहे, त्यावर वाळलेली खपली. उंदराच्या शेपटीची कातडी फार नाजूक असते. टोकाकडून धरून ओढलं की सुटून हातात येते आणि ती परत येत नाही. उघडा पडलेला भाग वाळून गळतो. जखम कोरडी आहे, लाली नाही, म्हणून नुसतं लक्ष ठेवायचं.

आज कुणालाही उचललं नाही. प्रवासाचा डबा आतल्या जुन्या कागदासकट पेटीत आडवा ठेवला, झाकण काढलं आणि बाजूला झालो. चौघींचं एकत्र वजन, डबा वजा जाता, १००.७ ग्रॅम.

पेटी: ९० लिटरची झाकणाची प्लास्टिक पेटी. झाकणाचा मधला भाग आणि एका लांब बाजूला खिडकी कापून ६ मि.मी.ची वेल्डमेश जाळी नटबोल्ट-वॉशरने बसवली आहे. नुसत्या झाकणाला जाळी लावून भागत नाही. लघवीचा अमोनिया तळाशी साचतो आणि उंदीर तिथेच झोपतात. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती १२ मि.मी.ची जाळी तर नकोच. लहान मादीचं डोकं तीतून सहज जातं आणि डोकं गेलं की बाकीचं अंग मागून येतंच.

खाली ८ सें.मी. कागदाचा चुरा. सुताराकडचा भुसा घेतला नाही. त्यात प्लायवूडची बारीक धूळ असते, आणि पाइन-देवदारासारख्या लाकडाच्या वासाने श्वासाचा त्रास होतो. घरट्यासाठी बिनवासाचे टिश्यू, १० ग्रॅम, न फाडता. फाडायचं काम त्यांना हवं असतं.

जागा: ८० सें.मी. उंच टेबल, दोन बाजूंना भिंत. जमिनीवर ठेवलेल्या पेटीत माणूस कायम वरून येतो, आणि वरून येणारी सावली उंदराला घार-घुबडाची वाटते. टेबलाच्या उंचीवर हात समोरून जातो. पेटीखाली २५ मि.मी. फोम. देवळालीच्या बाजूला तोफांचा सराव असला की इथल्या खिडक्या थरथरतात. इतका खालचा आवाज उंदराला कानाने फारसा कळत नाही, पण हादरा पायांना कळतो.

८ डिसेंबर

हात आत घालायचा नाही. खाणं-पाणी रोज रात्री आठला, एकाच माणसाने, पेटीशी हळू बोलत. काय बोलता याला महत्त्व नाही. आवाज आधी आणि हालचाल नंतर, हा क्रम त्यांना समजला पाहिजे.

खोलीतली उंदीर-झुरळं पळवणारी प्लगची यंत्रं काढली. "माणसाला ऐकू येत नाही" असा त्यांचा आवाज पाळीव उंदराच्या ऐकण्याच्या पल्ल्यात असतो. माणसाची हद्द २० किलोहर्ट्झच्या आसपास संपते, उंदीर ८० किलोहर्ट्झच्याही वर ऐकतो आणि आपसात बोलतोही त्याच पट्ट्यात. कुणाचे उंदीर महिनोन्‌महिने बुजरेच राहत असतील तर आधी भिंतीवरचे प्लग पाहावेत. चिरचिरणारा चार्जर आणि गुणगुणणारा इन्व्हर्टरही याच यादीत. डासांची कॉइल आणि अगरबत्ती या खोलीत बंद.

निरीक्षणाला लाल झिरोचा बल्ब. लाल उजेड उंदराला फार अंधूक दिसतो, म्हणून त्यांची रात्र मोडत नाही आणि आपल्याला दिसतं. पांढऱ्या उंदरांना तर झगझगीत उजेड सोसतच नाही. डोळ्यांत रंगद्रव्य नसल्याने नजर अधू असते आणि प्रखर दिव्याने ती आणखी बिघडते. कापशी थांबून डोकं डावी-उजवीकडे डोलवते. हा झटका नाही आणि आजारही नाही. अंतराचा अंदाज घ्यायची अधू नजरेची ती रीत आहे.

११ डिसेंबर

नळी ठेवली. ५० मि.मी.च्या पीव्हीसी पाइपचा १३ सें.मी. तुकडा, दोन्ही कडा सँडपेपरने घासून गुळगुळीत. आतून गुळगुळीत पीव्हीसीवर पाय घसरतात, म्हणून आतला तळ खरखरीत सँडपेपरने लांबीच्या दिशेने ओरखडला. पारदर्शक ॲक्रिलिकची नळी मिळाली तर उत्तम, कारण आत कोण आहे ते दिसतं.

सगळा कार्यक्रम या नळीवर उभा आहे. लिव्हरपूल विद्यापीठात जेन हर्स्ट आणि रिबेका वेस्ट यांनी प्रयोगशाळेतल्या उंदरांवर हे तपासलं आणि २०१० मध्ये प्रसिद्ध केलं. शेपटीने उचललेले उंदीर माणसाच्या हातापासून लांब राहतात आणि भित्रे होतात. नळीतून किंवा ओंजळीतून उचललेले आपणहून हाताकडे येतात. पुढच्या कामात हेही दिसलं की दोन सेकंदांची नळीची उचल, तीही फक्त पिंजरा साफ करताना, एवढ्यानेही फरक पडतो. म्हणजे तासन्‌तास हातात धरून बसायची गरज नाही. कसं उचललं याला वजन आहे, किती वेळ धरलं याला नाही.

मोजमापही त्यांच्याच पद्धतीने. उचलण्याआधी एक मिनिट हात पेटीच्या पुढच्या कोपऱ्यात स्थिर ठेवायचा आणि ती किती सेकंद हाताजवळ आली ते लिहायचं. उचलून खाली सोडल्यावर पुन्हा एक मिनिट तेच. दुसरा आकडा पहिल्याहून कमी भरत असेल तर आजची उचल तिला जाचली. हातात असताना ती शांत होती का, हा निकष फसवा आहे. भीतीने गोठलेला उंदीरही अगदी शांत दिसतो.

१२ डिसेंबर

नळीत रात्रीतून लेंड्या आणि कुरतडलेला टिश्यू. म्हणजे ती त्यांची झाली. आता नळी धुवायची नाही, गरज पडली तर कोरड्या फडक्याने पुसायची.

१४ डिसेंबर

हाताची सुरुवात. बिनवासाच्या साबणाने हात धुवायचे, मग पेटीतलाच मूठभर चुरा दोन्ही तळव्यांवर चोळायचा. स्वयंपाक करून आलेला हात चाखून पाहिला जातो, आणि दोष उंदराचा नसतो.

तळवा वर, बोटं जोडलेली, मनगट पेटीच्या तळाला टेकवलेलं. अधांतरी हात थरथरतो. तळव्यावर राजगिऱ्याच्या लाह्यांची चिमूट. खाऊची निवड विचारपूर्वक केली आहे. सोललेली सूर्यफुलाची बी त्यांना जास्त आवडते, पण एका बीचं वजन साधारण ०.०५ ग्रॅम. २५ ग्रॅमच्या उंदराने एक बी खाणं म्हणजे ६० किलोच्या माणसाने १२० ग्रॅम शेंगदाणे खाण्यासारखं. दिवसाचं एकूण खाणंच ४-५ ग्रॅमचं. बी दिवसाला एकीला एकच, आणि तीही नव्या पायरीसाठी राखून. लाही हलकी, लवकर संपणारी, तोंडात घेऊन घरट्यात पळून जावं इतकी मोठी नाही. ही शेवटची गोष्ट कामाची आहे, कारण पळवून नेता येणारा खाऊ हातावर थांबायला शिकवत नाही.

जाळीतून बोटाने खाऊ द्यायचा नाही. जाळीतून आत येईल ते खायचं, एवढंच त्या शिकतात, आणि पुढे कुणीतरी नुसतं बोट टेकवलं की चावा बसतो.

पहिलं मिनिट: काजळी ९ सेकंद, पिठी ४, कापशी ०, बदामी ०. बदामी कोपऱ्यात, कान मागे चपटे, शेपटी चुऱ्यावर आपटत खडखड वाजवत होती. तसं दिसल्यावर हात आणखी पुढे न्यायचा नाही आणि झटक्याने मागेही घ्यायचा नाही. जागच्या जागी थांबवला, शेपटी शांत झाल्यावर सावकाश बाहेर.

१७ डिसेंबर

काजळीने हातावर बसून लाही खाल्ली आणि तिथेच तोंड पुसलं. स्वतःचं अंग साफ करणं ही मोठी खूण, घाबरलेला उंदीर इतका निवांत तोंड धूत नाही. तळव्यावर लघवीचे दोन थेंब सोडून गेली. ही वासाची खूण असते. तोंड वाकडं करून हात झटकू नये, काम संपल्यावर धुवावा.

२० डिसेंबर

सगळ्यांचे आकडे घसरले. काजळीसुद्धा घरट्यातून निघाली नाही. पहिली शंका भीतीची येते, पण अंगावरचे केस फुललेले, चौघी एकमेकींवर चढून झोपलेल्या, आणि खोलीत पहाटे १५ अंश. हे थंडीचं काम. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत थंडीने आक्रसलेला उंदीर आणि भ्यालेला उंदीर यांत सहज गल्लत होते. फरक खाण्यात कळतो. गारठलेल्या उंदराचं खाणं वाढतं, भेदरलेल्याचं कमी होतं. काल रात्री चौघींनी मिळून २३ ग्रॅम फस्त केलं होतं, नेहमी १७-१८ असतं.

उपाय: टिश्यू आणखी ८ ग्रॅम, पेटी खिडकीपासून दूर, आणि पेटीच्या बाहेरून एका टोकाला गरम पाण्याची रबरी पिशवी, फडक्यात गुंडाळून. फक्त एका टोकाला, म्हणजे नको तेव्हा सरकता येतं. आत बल्ब लावायचा नाही. उजेडाने त्या अधिकच दबतात आणि कागद पेटायची भीती असते. हाताळणी बंद, खाणं आणि आवाज चालू.

२३ डिसेंबर

आकडे परत वर. नळीतून पहिली उचल, काजळी.

कृती: नळी तिच्या समोर, भिंतीला लागून आडवी. दुसरा हात मागून, तळवा उभा, हळू पुढे. ती आपणहून नळीत शिरते. दोन्ही टोकांवर तळवे सैल धरून नळी आडवीच वर घ्यायची, चुऱ्यापासून १० सें.मी.पेक्षा जास्त नाही. दोन सेकंद. परत खाली, टोक मोकळं, ती बाहेर येईपर्यंत वाट. नळी कधी तिरपी करून उंदीर ओतायचा नाही.

इथे सगळ्यात जास्त बिघडतं ते पाठलागाने. नळी घेऊन उंदराच्या मागे पेटीभर फिरलं की नळीच भीतीची होते आणि हाती असलेलं एकमेव साधन वाया जातं. दोनदा वळसा घालून गेली तर आज नाही. घरट्यात झोपलेलीला कधीच नाही. घरट्यातून ओढून काढलेल्या उंदराला पेटीत सुरक्षित जागा अशी उरत नाही.

काजळी: आधी २२, नंतर २६. पिठी: आधी १५, नंतर ११. पिठीची उचल उद्या सोडायची.

२६ डिसेंबर

साफसफाई. एकतृतीयांश चुरा बदलला, लघवीचा कोपरा पूर्ण काढला, घरटं जसंच्या तसं परत. पेटी साबणाने घासून लख्ख केली असती तर त्यांचा सगळा वास गेला असता आणि त्या परक्या घरात आल्यासारख्या वागल्या असत्या. नरांच्या पेटीत तर हे फारच जपावं लागतं. घरट्याचा टिश्यू परत दिला तर मारामारी कमी होते, लघवीचा जुना चुरा परत दिला तर भडकते. मोठे नर शक्यतो एकेकटे ठेवावेत. एकटा नर हाताशी बहुधा माद्यांपेक्षा लवकर येतो, पण त्याला रोज वेळ द्यावा लागतो, आणि वास उग्र असतो.

वजन, नळीसकट (नळी ठेवून काटा शून्य केलेला): काजळी २८.६, पिठी २७.०, कापशी २५.८. बदामी नळीत आली नाही. काटा सोनाराकडे असतो तसा ०.१ ग्रॅमचा हवा. स्वयंपाकघरातला काटा १ ग्रॅम इकडे-तिकडे दाखवतो, आणि उंदराने दोन ग्रॅम वजन टाकलं तर ती डॉक्टरकडे न्यायची वेळ असते.

१ जानेवारी २०२६

रात्री बाराला फटाके. पेटीवर जाड सुती चादर होती, खिडक्या बंद, तरी आज कुणी हातावर नाही. एक पायरी मागे: फक्त स्थिर हात आणि लाही. दोन पायऱ्या मागे जायची गरज नसते. वास आणि आवाज ओळखीचा राहिलेला असतो.

५ जानेवारी

ओंजळ. काजळी आणि पिठी आता नळीतून थेट तळव्यावर येतात. दोन्ही हात जोडून वाटीसारखे, वरून अंगठ्यांनी सैल छत. सुरुवातीला हात पूर्ण उघडा ठेवला तर लहान उंदीर उडी मारतो. त्याला खाली किती खोल आहे ते नीट दिसत नाही आणि तो उंचीचा हिशेब करत नाही. म्हणून माणूस जमिनीवर मांडी घालून, मांडीवर जुना टॉवेल, आणि समोर ५० सें.मी. उंच कडांचा टब. उंदीर उभ्याने ३० सें.मी. सहज उडतो. पंखा बंद, दार बंद, मांजर इमारतीत कुणाचंही असो, खिडकीची जाळी तपासलेली.

ती एका हाताच्या टोकाला आली की दुसरा हात पुढे. ती चालत राहते, हात बदलत राहतात. पकडायचं नाही. बोटांचा पिंजरा आवळला की ती धडपडते, धडपडली की माणूस सोडून देतो, आणि धडपडलं की सुटका होते हे ती शिकते. धडपड सुरू झाली तर हात खाली चुऱ्याला टेकवायचे, क्षणभर स्थिर, मग उघडायचे.

चावली तर हात हिसकायचा नाही, दात अडकून तिलाच इजा होते. चाखण्याचा चिमटा आणि खरा चावा वेगळे. चाखते तेव्हा आधी हुंगते आणि दाब हलका असतो. खरा चावा न हुंगता, बसकण मारून येतो. रक्त आलं तर साबण-पाण्याने भरपूर धुवून धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारावं. जाड हातमोजे वापरू नयेत. मोज्यातल्या बोटाला आपला दाब कळत नाही, आणि उंदराला मोज्याची सवय होते, हाताची नाही.

९ जानेवारी

कापशीसाठी क्रम बदलला. तिला हात दिसतच नाही, अचानक लागतो, म्हणून ती दचकते. आता हात ठेवण्याआधी नखाने पेटीच्या कडेला तीनदा टकटक, मग वास पोचेपर्यंत थांबणं, मग तळवा. रोज त्याच कोपऱ्यात. आज टकटक ऐकून ती त्या कोपऱ्यात आली आणि हात जायच्या आधीच मिशा पुढे करून उभी राहिली. आधी १२, नंतर १९.

१४ जानेवारी

संक्रांत. गच्चीवर पतंग आणि स्पीकर, म्हणून सत्र रात्री दहानंतर. खाऊला कोरडे पांढरे तीळ, एकीला चार दाणे. तिळगूळ नाही, गूळ दातांना आणि मिशांना चिकटतो. घरातल्या लहान मुलांनी आज हात पेटीत ठेवला, मनगट टेकवून, एका वेळी एकाने. मुलांना "उचल" असं सांगायचंच नाही, "हात ठेव आणि मोज" असं सांगायचं. मोजण्यात गुंतलेलं मूल पकडायला जात नाही. नंतर सगळ्यांनी साबणाने हात धुतले. उंदरापासून साल्मोनेला येऊ शकतो, आणि घरात गरोदर बाई असेल तर तिने पेटीची साफसफाई करू नये. उंदरांच्या लघवी-लेंडीतून येणारा एक विषाणू गर्भाला घातक ठरतो.

१८ जानेवारी

पिठी शिंकते आहे. चुरा नवा आहे, धुळीने दोन दिवस शिंका येतात. पण श्वासाबरोबर टिकटिक आवाज आला, केस फुलले किंवा डोळे बारीक करून ती बसून राहिली तर ते फुप्फुसाचं दुखणं, आणि त्यात वाट पाहायची नसते. पशुवैद्याला फोनवर आधी विचारावं, ससे आणि गिनीपिग पाहता का? जिथे "हो" असेल तिथेच उंदीर न्यावा. आजारी उंदराचं हाताळणी-सत्र बंद, फक्त नळीतून वजन.

२० जानेवारी

शिंका थांबल्या. वजन २७.४, टिकून.

२५ जानेवारी

बदामी नळीत आली. नळी आठवडाभर घरट्याच्या तोंडाशी, एक टोक टिश्यूत खुपसून ठेवली होती. ती तिथून ये-जा करत होतीच. आज आत असताना नळी फक्त एक सेंटिमीटर वर आणि लगेच खाली. आधी ०, नंतर ३. सूर्यफुलाची बी.

शेपटीचं टोक गळून पडलं, खाली कातडी बंद आहे.

२ फेब्रुवारी

काजळी ४१ / ४८, पिठी ३५ / ३७, कापशी २८ / ३३, बदामी ६ / ८.

बदामी ओंजळीत येत नाही आणि तिला आणायचा आग्रह नाही. नळीतून ती शांतपणे उचलली जाते, वजन होतं, पोट-दात-नखं पाहता येतात, डॉक्टरकडे नेता येते. पाळीव उंदराला चांगलं जगायला एवढी हाताळणी पुरते. अंगाखांद्यावर खेळणं ही माणसाची हौस आहे. काजळीला ती मानवते, बदामीला नाही.

८ फेब्रुवारी

चौघी एकत्रच पंचवटीतल्या एका घरी चालल्या आहेत. सोबत द्यायचं: पेटी, न धुतलेली नळी, घरट्यातला निम्मा टिश्यू एका कागदी पिशवीत, १० दिवसांचं रोजचं खाणं आणि लाह्या.

त्या घरासाठी कागदावर लिहून दिलं:

पहिले तीन दिवस हात नाही, फक्त आवाज. त्यानंतर स्थिर हात, मग नळी. काजळी दुसऱ्याच दिवशी हातावर येईल, तरी क्रम मोडू नका. बाकीच्या तिघी पाहत असतात.

कापशीला आधी टकटक.

बदामीला नळीनेच.

घरात उंदीर मारायचं औषध ठेवलेलं असेल तर ते आधी काढा. उंदराला उलटी होत नाही, पोटात गेलेलं विष बाहेर पडत नाही. गल्लीतले उंदीर पेटीपर्यंत पोचणार नाहीत अशी जागा द्या. ते गोचिडीसारखे बारीक किडे आणि आजार आणतात.

द्राक्षाचा हंगाम आहे म्हणून द्राक्ष द्याल. चालेल, पण वाटाण्याएवढा तुकडा, आणि फवारणीचा अंश जाईपर्यंत नीट धुवून.

शेपटीला कुणीही हात लावायचा नाही. पाहुण्यांनाही हे आधी सांगा.